पोरगी माझी, शाळा तिची, तुम्हाला काय त्रास?

परत तेच. काल खानापूरला वास्तुशांतीला गेलतो, पानावर बसलोय न बसलोय तोवर मामा सुरू, "काय रे, पोरीला अजून मराठी शाळेतच ठेवलास? कर्नाटकात राहून मराठी शिकून काय करणार ती?" दरवर्षी जून आला की हेच, लग्नात हेच, बारशात हेच, गणपतीत आरती संपायच्या आधी हेच!

अहो, मी विचार करून घातलोय तिला. घरात आम्ही मराठी बोलतोय, आजीबरोबर ती मराठीत भांडते, मग पहिली अक्षरं त्याच भाषेत नको? कन्नड शाळेत शिकवतातच, शेजारच्या अक्कांबरोबर तर ती माझ्यापेक्षा भारी कन्नड बोलते, इंग्लिश पण चाललंय. कुणाच्या भाषेवर राग म्हणून नाही घातलो हो तिला. १९५६ ला सीमा कुठं पडली ते काय आम्हाला विचारून पडली नाही, खरं प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय घटनेतच आहे, कलम ३५०अ, बघा की उघडून एकदा.

आणि कोल्हापूरचे पावणे आले की त्यांचं वेगळंच, "तुमची मराठी कानडी वाटते." म्हणजे इकडूनबी ऐका, तिकडूनबी ऐका.

मला बोला, मी ऐकून घेतोय. खरं काल तिच्यासमोरच बोलले. घरी येताना गाडीवर मागनं ती विचारली, "बाबा, माझी शाळा वाईट आहे काय?"

आता काय सांगू तिला?