पेटीवरची बंदी केसकरांची नव्हती

रविवारी सकाळी मामांचा फोन आला. आवाज चढलेला. "त्या केसकरानेच आमची पेटी रेडिओवरून हाकलली, आत्ता कळलं!" भजनी मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर फिरणारा मेसेज अखेर त्यांच्यापर्यंत पोचला होता. मामा ऐंशीला टेकलेत, अजून रोज तास-दीड तास पेटीवर बसतात. त्यांच्या मनात असलं काही भरवलेलं मला खपणार नाही, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा सारांश असा: बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हा पुण्याचा माणूस नेहरूंच्या मर्जीने, एकही निवडणूक न लढता उपमंत्री झाला, मग नभोवाणी खातं मिळताच त्याने हार्मोनियमवर बंदी घातली, गाणाऱ्या बायकांना बाहेर काढलं, सिनेमाची गाणी बंद केली आणि मराठी संगीताची माती केली.

आधी पेटी. आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली मार्च 1940 मध्ये. तेव्हा राज्य इंग्रजांचं, रेडिओचे प्रमुख लायनेल फील्डन. केसकर मंत्री सोडाच, सरकारच्या जवळपासही नव्हते. कारण काय दिलं गेलं, हे मामांना मी त्यांच्याच पेटीवर दाखवलं. षड्जाची पट्टी दाबली, मग रिषभाची. दोन्ही स्वर सुटे सुटे, मधली वाट नाही. सारंगीवर बोट सरकवून मींड घेता येते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येतं, पेटीवर नाही. शिवाय तिचे स्वर ठोकून बसवलेले, श्रुतींना, म्हणजे स्वरांमधल्या बारीक छटांना, जागाच नाही. हा आक्षेप नुसत्या साहेबांचाही नव्हता. खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी जानेवारी 1940 मध्ये आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी हटवा म्हणून सांगितलं होतं. केसकरांनी दहा वर्षं खातं सांभाळताना ही बंदी उठवली नाही, एवढा दोष त्यांचा नक्की. पण ते 1962 मध्ये मंत्रिपदावरून गेले, त्यानंतरही ती जवळजवळ दशकभर टिकली. आता बोला.

"निवडणूक न लढता" हे तर वाचवत नाही. केसकर संयुक्त प्रांतातून, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातून, संविधान सभेवर होते, काँग्रेसचे सरचिटणीस होते, आणि 1948 च्या अखेरीस परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले. तेव्हा प्रौढ मतदानाची सार्वत्रिक निवडणूक देशात झालीच नव्हती; मग ती लढणार कुठून? झाली तेव्हा 1952 मध्ये ते सुलतानपूर भागातून लोकसभेवर निवडून आले, 1957 मध्ये मुसाफिरखान्यातून.

"ज्यांचं खाजगी आयुष्य बदनाम" अशा गायिकांना रेडिओची दारं बंद करण्याचा हुकूम सरदार पटेलांच्या काळातला. तोही केसकरांच्या नावावर खपवलाय.

सिनेमाच्या गाण्यांबाबत मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. त्यांना ती गाणी हलकी वाटत. त्यांनी वेळेवर मर्यादा घातली आणि गाण्यासोबत चित्रपटाचं नाव सांगणं थांबवलं, फुकट जाहिरात नको म्हणून. निर्माते चिडले, त्यांनी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली, आणि श्रोते श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले. हा हट्ट केसकरांचाच. पण 3 ऑक्टोबर 1957 ला सिनेमाची गाणी ऐकवणारी आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली तेव्हाही मंत्री तेच होते. हे मेसेजमध्ये का नाही?

मराठीची माती म्हणे! पुणे केंद्र ऑक्टोबर 1953 मध्ये सुरू झालं, आणि तिथूनच 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून गीतरामायण वर्षभर घराघरांत गेलं. त्याचं श्रेय केसकरांना द्यायचं कारण नाही, पण रेडिओ त्यांच्याच ताब्यात होता.

खरी टीका करायची तर डेव्हिड लेलिव्हेल्ड या इतिहासकाराचा 1994 चा, आकाशवाणीच्या संगीत-कारभारावरचा लेख वाचा. मुसलमान गायक-वादकांच्या हाती संगीत गेलं आणि त्याची अधोगती झाली, असं केसकर मानत. अल्लादियाखाँसाहेब आणि अब्दुल करीमखाँसाहेब यांच्यामुळे ज्या महाराष्ट्रात घरोघरी गाणं रुजलं, तिथल्या माणसाने हे म्हणावं, याचा मला अजून राग येतो. नेमकी हीच गोष्ट मेसेजवाल्याला सापडली नाही.

हे सगळं मामांना सांगून झालं. ते बराच वेळ गप्प होते. मग भाता बंद करत म्हणाले, "ते रवींद्रनाथांचं पत्र आण पुढच्या वेळी. मला वाचायचंय."