'फीमेल'मधला 'मेल' आला कुठून?

महिला दिन जवळ आला की एक संदेश हमखास फिरू लागतो: 'फीमेल'मध्ये 'मेल' आहे, 'वूमन'मध्ये 'मॅन' आहे, 'शी'मध्ये 'ही' आहे, म्हणजे इंग्रजीतले स्त्रीवाचक शब्द पुरुषवाचक शब्दांवरूनच घडले. कुणी हे स्त्रीचा गौरव म्हणून पाठवतं, कुणी भाषेवरचा आरोप म्हणून. पुरावा दोघांकडे एकच, अक्षरं जुळतात.

आधी 'फीमेल'. 'मेल' हा लॅटिन 'मास्कुलुस' जुन्या फ्रेंचमधून झिजत आलेला. 'मॅस्क्युलिन' त्याचाच भाऊबंद. 'फीमेल'चं घराणंच वेगळं. लॅटिनमध्ये 'फेमिना' म्हणजे स्त्री, तिचं लघुत्वदर्शक रूप 'फेमेला', आणि फ्रेंचमध्ये त्याचं झालं 'फेमेल'. चौदाव्या शतकात तो शब्द इंग्रजीत रुळू लागला आणि 'मेल'शी सतत जोडीनं येत राहिल्यामुळे लोकांनी त्याचं शेपूटही 'मेल'सारखं करून टाकलं. तेव्हा साम्य योगायोगाचं नाही, इतपत संदेशवाल्यांचं खरं. पण ते मागाहून चढवलेलं आहे. गंमत अशी, की आज फॉरवर्ड करणारे जो घोटाळा करतात, तोच सहा शतकांपूर्वीच्या इंग्रजांनी स्पेलिंगमध्ये करून ठेवला!

'शी'चं थोडक्यात. जुन्या इंग्रजीत 'ती'ला 'हेओ' म्हणत. त्यातून की दुसऱ्या एखाद्या सर्वनामातून 'शी' आलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण 'ही'च्या पुढ्यात 'श' चिकटवला, हा काही त्या वादातला पक्ष नाही. याच संदेशाच्या शेवटी कधी कधी 'हिस्टरी म्हणजे हिज स्टोरी' असतं. मूळ शब्द ग्रीक 'हिस्तोरिया', अर्थ चौकशी, शोध. ग्रीकांना इंग्रजी 'हिज' कुठून ठाऊक असणार?

'वूमन'चा मुद्दा मात्र नीट पाहावा असा आहे. मूळ रूप 'वीफमन': 'वीफ' म्हणजे स्त्री, 'मन' म्हणजे माणूस. पुरुषासाठी 'वेर' हा वेगळा शब्द होता. 'वेअरवुल्फ'मध्ये, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाच्या नावात, बहुधा तोच उरलाय. 'वीफ'चं पुढे 'वाइफ' झालं. 'मिडवाइफ'मधली (म्हणजे सुईणीच्या नावातली) 'वाइफ' कुणाची बायको नसते, ती नुसती स्त्री, म्हणजे सुईण स्वतः. 'मिड' म्हणजे सोबत: बाळंतिणीच्या सोबत असणारी स्त्री. अनेकवचनाच्या 'विमिन' या उच्चारात तो जुना 'वि' अजून ऐकू येतो. पुढे 'वेर' वापरातून गेला आणि 'मॅन' पुरुषाच्या नावावर चढला. भाषेवर आरोप करायचाच असेल, तर तो इथे करावा: माणसासाठीचा शब्द पुरुषानं बळकावला. 'वूमन'मधला 'मॅन' मात्र त्याआधीचा आहे, म्हणजे नुसता माणूस.