गाडीत अर्थ नाही

ब्रेक दाबला की माझ्या गाडीचं मागचं उजवं इंडिकेटर लागायचं. मंद, देवघरातल्या दिव्यासारखं. गाडीत बसलेल्या माणसाला हे कळायचं काही कारण नाही. मला ते दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर एका ट्रकवाल्याने कळवलं. मला ओलांडून तो पुढे थांबला, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला आणि म्हणाला, "काकाजी, थांबून राहिले का वळून राहिले? एक काय ते ठरवा ना जी!"

मी काहीच ठरवत नव्हतो. पुढे शेळ्या होत्या. हॉर्न वाजत नव्हता, म्हणून ब्रेक दाबला होता.

मी जिनिंगमध्ये दिवाणजी आहे. कापसाच्या गाड्यांची वजनं, शेतकऱ्यांचे चुकारे, सरकीचा आणि गाठींचा हिशेब. एकशे सत्तर किलोची एक गाठ, अशा गाठी मोजता मोजता केस गेले. एवढा हिशेबी माणूस ही गाडी घेऊन कसा बसला, हे बायको मला आठवड्यातून एकदा तरी विचारते. उत्तर सोपं आहे. गाडी पाहायला गेलो तेव्हा दिवस होता, इंजिन आधीच गरम होतं आणि मालक डॉक्टर होता. डॉक्टरची गाडी म्हणजे चांगलीच असणार, असं आमच्याकडे धरून चालतात. चावी देताना डॉक्टरीणबाई हसत होत्या. मी तो शुभशकुन समजलो.

2006 चं मॉडेल, पांढरा रंग, लहान चण. इंजिनाबद्दल माझी आजही तक्रार नाही. इंजिन म्हणजे म्हातारा बैल, मान खाली घालून ओढत राहतं. दुखणं सगळं वायरींचं. डावं इंडिकेटर लावलं की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर नाचायचा. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा चढायचा, बंद केले की उतरायचा. "अहो, ह्या गाडीले दिवाबत्तीच्याच वेळी ताप कसा येते?" बायको विचारायची. मागची काच एकदा खाली गेली की दोन तळव्यांत धरून, पापड उचलावा तशी वर आणावी लागे. वायपर पावसाळ्यात थकायचे आणि चैत्रात आपले आपण एक फेरी मारून घ्यायचे.

आणि सगळ्यांचा बाप म्हणजे सेल्फ. चावी फिरवली की कधी इंजिन लागायचं, कधी नुसतं "टक्" व्हायचं. एकच टक्. जणू आतून कुणी दाराची कडी लावून घेतली.

आमच्या गावात गाडी बंद पडली की माणूस एकटा पडत नाही, हा मोठा आधार आहे. पानटपरीवरून आधी चार माणसं येतात, मागून त्यांची मतं येतात. पहिलं मत नेहमी तेच असतं. "लाइट लावून पाहा." मी लाइट लावायचो. लाइट लख्ख लागायचा. "मंग बॅटरी चांगली आहे!" असा निकाल देऊन मंडळी सेल्फच्या खानदानावर घसरायची. पुढे मला कळलं, की गाडीतला छतावरचा दिवा एक अँपिअरसुद्धा खात नाही आणि सेल्फला एका झटक्यात शंभराच्या वर लागतात. दिवा लागतो म्हणून बॅटरी दमदार म्हणणं म्हणजे माणूस ग्लासभर पाणी उचलतो म्हणून त्याच्या पाठीवर कापसाचा बोरा ठेवण्यासारखं आहे. पण तेव्हा मलाही ते पटलं होतं.

म्हणून सेल्फ उघडून दुरुस्त केला. बाराशे रुपये. आठ दिवसांनी टक्. मग अल्टरनेटरचे कार्बन बदलले, साडेचारशे. पुन्हा टक्. मग मात्र बॅटरीच बदलली. एकोणचाळीसशे. दुकानदाराने समजावलं, की थंडीपेक्षा आपला उन्हाळाच बॅटरीला जास्त मारतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि मरायची ती मग दिवाळीनंतरच्या पहिल्या थंड सकाळी मरते. खून उन्हाळ्याचा, आळ हिवाळ्यावर. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की पैसे मोजताना घासाघीस करायची राहून गेली. नव्या बॅटरीने तीन आठवडे इमानदारी केली. चौथ्या आठवड्यात टक्.

मधल्या काळात हॉर्नचा फ्यूज उडाला. फ्यूजांचे रंग ठरलेले असतात. दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. माझा निळा उडाला होता. टपरीवर एकाने मोलाचा सल्ला दिला, "हिरवा टाका, पुन्हा उडनारच नाई." खरोखरच उडला नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डखालून चप्पल जळाल्यासारखा वास आला. फ्यूज म्हणजे घरातलं चिडकं म्हातारं. ते आधी आरडाओरडा करून बसतं, म्हणून घर शाबूत राहतं. त्याच्या जागी मी शांत स्वभावाचा पाहुणा आणून ठेवला होता आणि घर पेटेपर्यंत तो काही बोलणार नव्हता.

हॉर्नची वायर कुठे शॉर्ट झाली हे शोधायला बॉनेट उघडलं, तर बॅटरीच्या बुडाशी पत्र्याच्या खळग्यात उंदराचं घर. हंगामात माझी गाडी दिवसभर सरकीच्या ढिगाशेजारी उभी असते. उंदरांनी सरकी खाली साठवली होती, वर कापसाची गादी केली होती आणि तोंडी लावायला हॉर्नच्या वायरीची साल सोलली होती. मी सवयीने कापूस चिमटीत धरून ओढून पाहिला. धागा लांब, कचरा नाही, ओल नाही. एक नंबर माल, आमच्याच जिनिंगचा. त्या वर्षी आम्हालासुद्धा इतका स्वच्छ माल क्वचित मिळाला होता. मी घर झाडून काढलं, वायरीला टेप गुंडाळली, निळा फ्यूज परत बसवला आणि बॉनेट बंद केलं. खळग्याच्या तळाशी काय आहे, ते खाली वाकून पाहिलं नाही. ते पाहिलं असतं तर पुढचा तमाशा टळला असता.

तमाशा झाला पुतणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, नेरला. कार्यक्रम झकास झाला. रात्री नऊला निघताना गाडीत मागे बायको, वहिनी आणि आत्या, आत्याच्या मांडीवर बुंदीचा डबा. नवे सोयरे निरोपाला हात जोडून उभे. मी ऐटीत चावी फिरवली. टक्.

मी हसलो. सोयरेही हसले. पुन्हा टक्. आमच्याकडे पाहुणे हलल्याशिवाय जोडलेले हात सुटत नाहीत, त्यामुळे अर्धा मंगल कार्यालय माझ्याकडे हात जोडून पाहत होतं. गाडीत देव बसला असता तर त्यालाही लाज वाटली असती. व्याही म्हणाले, "राहू द्या भाऊ, आजची रात इथंच." तेवढ्यात नवरदेव पुढे आला. अंगात नवा मोतिया कुर्ता, कपाळावर कुंकू तसंच. "काकाजी, तुमी बसा. आमी ढकलतो."

साक्षगंधाच्या दिवशी जावयाकडून गाडी ढकलून घेणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच. आत्या वजन कमी करायला म्हणून डबा घेऊन खाली उतरली. नवरदेव, त्याचे दोन मित्र आणि व्याह्यांचे धाकटे बंधू, असे चौघं मागे लागले. मी दुसरा गिअर टाकला, क्लच दाबला. गाडीने वेग धरला, मी क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला आणि थांबली. पुन्हा ढकललं, पुन्हा गचका. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुंपण आलं तेव्हा वहिनी मागून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, चावी बंद दिसते." गडबडीत मी चावी उलटी फिरवून ठेवली होती. चौघांनी गाडी मुकाट्याने वळवली. त्या अंधारात कुणाचा चेहरा दिसत नव्हता, हे त्या रात्रीचं एकमेव सुख.

परतीच्या ढकलीत इंजिन लागलं. आता थांबायची माझी छाती होईना. थांबलो आणि बंद पडली तर? म्हणून मी मैदानातच गोल फिरत राहिलो. मध्यभागी आत्या बुंदीचा डबा छातीशी धरून उभी आणि मी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय. तिसऱ्या फेरीला बायकोने दार उघडलं, आधी डबा आत आला, मग आत्या. सोयऱ्यांचे हात आता जोडलेले नव्हते. तोंडावर होते.

दुसऱ्याच दिवशी दारव्ह्याला मिस्त्रीकडे गेलो. हा मिस्त्री मुळात शेतातल्या मोटारी रिवाइंड करणारा. रात्रीच्या लाइनीवर मोटार जळाली की सकाळी त्याच्या दारात तांब्याच्या तारांचे पुंजके आणि शेतकऱ्यांची रांग. दुकान जुन्या शकुंतलेच्या रुळांपासून लांब नाही. शकुंतला ही आमची छोटी आगगाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची, 1994 पर्यंत कोळशाच्या इंजिनावर. तिला सेल्फ नव्हता, फ्यूज नव्हता, आणि कुण्या नवरदेवाने तिला ढकलल्याचं ऐकिवात नाही.

मिस्त्रीने काहीच उघडलं नाही. मीटर घेतलं. काळी सुई बॅटरीच्या मायनसवर, लाल सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर. "मारा सेल्फ." टक्. त्याने मीटर माझ्यापुढे धरलं. तीन व्होल्टच्या वर आकडा. "इथं अर्ध्या व्होल्टाच्या आत पाह्यजे," तो म्हणाला. मग बिडी विझवून, डॉक्टर नातेवाइकांना सांगतो त्या सुरात, "दिवाणजी, तुमच्या गाडीत अर्थच नाई."

बायको हेच दोन वर्षं सांगत होती. पैशाचा अर्थ म्हणाल तर तो गाडीनेच खाल्ला होता, आणि गाडी ठेवण्यात काय अर्थ, हे साक्षगंधानंतर मीही स्वतःला विचारत होतो. पण मिस्त्रीचा अर्थ तिसराच होता.

"असं पाहा," तो म्हणाला, "बॅटरीतून करंट गेला, त्यानं काम केलं, पन त्याले परत बॅटरीत याव लागते. जायाले वायर आहे. यायची वाट म्हंजे गाडीचा पत्रा, तोच अर्थ, अर्थिंगवाला. परतीची वाट तुटली तं जानाराही जात नाई."

मला लख्ख समजलं. ही तर उधारी! माल देऊन बसलो, वसुली बंद. मग वहीत कितीही शिल्लक दिसू दे, पेढी बसणारच. मी तीन वेळा भांडवल बदललं, वसुलीकडे बघितलंच नाही. "आन त्या ब्रेकचं?" मी विचारलं. ते ऐकून तर मी थक्क झालो. मागच्या दिव्याचा अर्थ गंजला होता. ब्रेकच्या करंटला परतायला रस्ता नाही, म्हणून तो शेजारच्या इंडिकेटरच्या दिव्यात उलटा शिरायचा, त्याच्या वायरीने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जायचा आणि तिथल्या अर्थावरून घरी. एका कुळाची वसुली दुसऱ्याच्या दारातून. असे व्यवहार मी तालुक्यात पुष्कळ पाहिले आहेत, पण गाडीतही चालतात हे माहीत नव्हतं.

मिस्त्रीने बॅटरी उचलली. खळग्याच्या तळाशी, जिथे ते एक नंबर कापसाचं घर होतं, तिथे तांब्याची विणलेली पट्टी एका बोल्टने पत्र्याला कसलेली होती. कसलेली म्हणजे कधीकाळी. बोल्टभोवती हिरवट-पांढरी बुरशी, पट्टीच्या अर्ध्या तारा झडलेल्या. "उंदरानं मुतून मुतून खाल्लं," मिस्त्रीने निदान सांगितलं. त्याने पत्रा घासपेपरने चांदीसारखा चमकेपर्यंत घासला, नवी पट्टी लावली, बोल्ट कसला, वर व्हॅसलीन चोपडलं. मग मागच्या दिव्याची काळी वायर आणि डॅशबोर्डखालची आणखी एक. तीन बोल्ट, पाऊण तास. मी चावी फिरवली आणि इंजिन इतक्या पटकन लागलं, की मीच दचकलो.

"किती द्यायचे?"

"दीडशे."

मी खिशात हात घातला. पाकीट घरी राहिलं होतं. "मिस्त्री, परवा देतो."

"द्या ना," तो बिडी पेटवत म्हणाला, "फक्त करंट परत आला पाह्यजे, दिवाणजी."

मे महिन्यात लग्न झालं, नेरलाच, त्याच मैदानात. निघायची वेळ झाली. मी गाडीत बसतो न बसतो तोच सोयऱ्यांकडची सहा-सात माणसं काही न बोलता मागे गेली आणि बाह्या सरसावून डिकीला खांदे लावून उभी राहिली. नवरदेवाला त्यांनी या वेळी सूट दिली होती. व्याह्यांचे धाकटे बंधू पुढाऱ्यासारखे मधोमध. मी ओरडून सांगत होतो, की आता गरज नाही, पण डीजेपुढे माझं कोण ऐकणार? चावी फिरवली. गाडी अर्ध्या फेरीत लागली आणि सुर्रकन पुढे निघाली. मागे होती ती सगळी मंडळी होती तशी तिरपी, आधाराशिवाय, एकमेकांवर पडली.

मी घाबरून ब्रेक दाबला. धाकटे बंधू धुळीत बसल्या बसल्या माझ्या गाडीकडे बघत होते, आणि डीजेच्या वरचढ आवाजात ओरडले, "लाल लागला जी! नुसता लालच!"