ओहमचं नाव घेऊन ओहमच्याच उलटं: गिझर, बल्ब आणि तो सेव्हर बॉक्स

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. वर लाल अक्षरात 'ओहमचा नियम वाचा, बिल वाचवा' आणि खाली चार मुद्दे. व्होल्टेज डाऊन झालं की करंट वाढतो, म्हणून संध्याकाळी गिझर लावला की युनिट जास्त पडतात. जास्त वॅटची वस्तू म्हणजे जास्त रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात. मल्टिमीटरने ओहम मोजा, फॉर्म्युल्यात टाका, कंपनीने वॅट खोटा छापला असेल तर लगेच पकडाल. आणि शेवटी, सॉकेटमध्ये लावायचा सेव्हर बॉक्स घ्या, करंट कमी तर बिल कमी. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर हेच आकडे बघतो, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिला मुद्दा आधी, कारण सगळी गडबड तिथंच आहे. मेसेजमध्ये गणित असं केलंय की वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, गिझर 2000 वॅटचा, मग व्होल्ट कमी झाले तर अँपिअर वाढलेच पाहिजेत. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण 2000 वॅट हे गिझरच्या कपाळावर लिहिलेलं नसतं हो, नेमप्लेट नीट वाचा, शेजारी 230 व्होल्ट पण छापलेलं असतं, म्हणजे 230 मिळाले तर 2000. गिझरमध्ये कायम राहतो तो वॅट नाही, कॉइलचा रेझिस्टन्स. फॉर्म्युला असा, व्होल्टचा वर्ग भागिले वॅट म्हणजे ओहम: 230 चा वर्ग 52900, भागिले 2000, आला साधारण 26.5 ओहम. आता लाइन 180 वर आली तर 180 भागिले 26.5, म्हणजे 6.8 अँपिअर. 230 ला किती होते? 8.7. म्हणजे करंट कमी झाला की! आणि वॅट उरले फक्त 1225 च्या आसपास. ओहम या शास्त्रज्ञाने 1827 साली हेच तर छापलं होतं, व्होल्टेज घटलं की त्या प्रमाणात करंट घटतो.

मग युनिटचं काय? 15 लिटर पाणी 25 डिग्रीवरून 60 ला न्यायचं तर साधारण 0.61 युनिट लागतं, पाण्याला व्होल्टेज कळत नाही. 230 ला ते 18 मिनिटांत होईल, 180 ला अर्धा तास लागेल, बिलात फरक जवळजवळ शून्य, टाकीतून हवेत जाणारी थोडी उष्णता सोडली तर. अर्धा तास बादली घेऊन उभं राहायचा वैताग होतो हे मान्य, पण तो मीटरमध्ये पडत नाही.

आता हा समज आला कुठून ते पण सांगतो, कारण लोक अगदीच वेडे नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटरी रांगेत येतात. झाकण काढलं की जळक्या वार्निशचा वास नाकात बसतो आणि वाइंडिंग कोळशासारखं काळं. पाच एचपीची थ्री फेज मोटर 415 ला फुल लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते, लाइन 340 वर आली की क्लॅम्प मीटरवर नऊच्या वर जाताना दिसतं. कारण मोटरला पाणी तेवढंच उचलायचंय, ती काम कमी करत नाही, व्होल्टेज कमी पडलं की करंट जास्त ओढते आणि तापते. एलईडी टीव्ही, मोबाइल चार्जर यांचं पण थोडंफार तसंच. म्हणजे मोटरसाठी मेसेज खरा, गिझर, इस्त्री, शेगडीसाठी साफ उलटा. एक काका मोटर सोडायला आलेले, ते म्हणाले मग गिझर पण असाच जळणार का रे, त्यांना म्हटलं कमी व्होल्टेजने नाही जळत काका, क्षार बसून जळतो.

दुसरा मुद्दा दोन मिनिटांचा. 100 वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना 529 ओहमचा असतो, 40 चा 1322. जास्त वॅट, कमी रेझिस्टन्स, कारण घरात व्होल्टेज सगळ्यांना सारखंच मिळतं. कुठल्याही वायरमनला विचारा, सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वायरीवर एकामागे एक, हे दोन बल्ब लावले की 40 चा जास्त उजेड देतो आणि 100 चा नुसता लाल होतो.

तिसऱ्यात मात्र गंमत आहे. तोच 100 चा बल्ब हातात घेऊन मल्टिमीटर लावा, 40 ओहमच्या आसपास दाखवेल, फॉर्म्युल्यात टाकलं, 52900 भागिले 40, की 1300 वॅट! कंपनी चोर नाही, तार थंड आहे. टंगस्टन तापलं की रेझिस्टन्स दहापटीच्या वर जातो. गिझरच्या कॉइलची तार नायक्रोमची, तिला हा फरक थोडक्या टक्क्यांचा, म्हणून तिथं मोजणी चालते, पण आधी मेन स्विच बंद करून वायरी सोडवा, चालू लाइनवर ओहम मोजायला जाऊ नका.

राहिला बॉक्स. एक गिऱ्हाईक घेऊन आलं, दुकानातल्या छोट्या मोटरवर लावून बघितला. आधी 2.5 अँपिअर, बॉक्स लावल्यावर 1.8, गिऱ्हाईक खूश. मग वॅटमीटर लावला, आधी पण 374, नंतर पण 374. एसी मोटरमध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नसतात, मध्ये पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे त्या गुणाकारातला खरंच कामाला लागणारा हिस्सा, आणि घरचं मीटर वॅटच मोजतं. उघडला तर आत एक कपॅसिटर आणि एक हिरवी लाइट. झाकण परत लावलंय, न्यायला अजून कोणी आलेलं नाही.