हत्तीचं पिल्लू एकटं जन्मत नाही

परवा पुन्हा कुणीतरी तो व्हिडिओ पाठवला. नुकतं जन्मलेलं, डोक्यावर राठ केसांचं जावळ असलेलं हत्तीचं पिल्लू. सोंडेचं काय करायचं असतं तेच त्याला ठाऊक नाही, म्हणून चालताना स्वतःच्याच सोंडेवर पाय पडतोय. मी तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा हसू आलं. म्हणून आधीच सांगते, पुढे जे लिहितेय ते पिल्लांवरच्या रागातून नाही. हत्तीच्या पिल्लाइतकं मन हलकं करणारं मला दुसरं काही माहीत नाही. तरीही प्राणिसंग्रहालयांत आशियाई हत्तींची पैदास करणं बहुतेक ठिकाणी थांबायला हवं, या मतावर मी आले आहे. एका दिवसात आले नाही, बरीच वर्षं वाचत, बघत, स्वतःशीच भांडत आले.

व्हिडिओतल्या पिल्लाचं नाव तुला-तू. अमेरिकेत पोर्टलंडच्या ओरेगॉन प्राणिसंग्रहालयात 1 फेब्रुवारी 2025 रोजी जन्मली. या एका जागेची गोष्ट नीट वाचली तरी हत्तींच्या पैदाशीतलं बरंचसं कळतं.

याच प्राणिसंग्रहालयात 14 एप्रिल 1962 रोजी पॅकी नावाचा नर जन्मला. पश्चिम गोलार्धात त्याआधीची 44 वर्षं हत्तीचं पिल्लू जन्मलं नव्हतं, त्यामुळे त्याला बघायला लोक लोटले. पोर्टलंड म्हणजे हत्तींचं गाव अशी ख्याती झाली. पॅकी 54 वर्षं जगला आणि शेवटी औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाल्यामुळे फेब्रुवारी 2017 मध्ये त्याला दयामरण दिलं. क्षयरोग हा माणसांच्या सहवासात राहणाऱ्या हत्तींना जडणारा आजार आहे, तो त्यांना माणसाकडूनही होतो.

आता तुला-तूच्या आईकडे या. तिचं नाव रोझ-तू. तीही तिथेच जन्मलेली, 1994 ची. ऑगस्ट 2008 मध्ये तिला पहिलं पिल्लू झालं, नर, समुद्र नावाचा. जन्मल्या जन्मल्या ती त्याच्यावर धावून गेली, पायाखाली घेऊ लागली. रखवालदारांनी पिल्लू ओढून काढलं म्हणून ते वाचलं. पुढे काही दिवसांत तिने त्याला जवळ केलं आणि दूधही पाजलं, पण तो पहिला क्षण काय होता?

तो क्षण मला फार दिवस छळत होता. आई आपल्याच पिल्लाला तुडवते कशी? आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली. समुद्रच्या आधी तिथे शेवटचं जन्मलेलं पिल्लू म्हणजे रोझ-तू स्वतः. मधल्या चौदा वर्षांत तिथे एकही बाळंतपण झालेलं नव्हतं. तिने आयुष्यात कधी पिल्लू जन्मताना पाहिलंच नव्हतं. बावीस महिने पोटात काहीतरी वाढलं, भयंकर कळा आल्या, आणि शंभरेक किलोचं काहीतरी ओलं, धडपडणारं अंगातून बाहेर पडलं. तिच्या लेखी तो हल्लाच असणार.

रानात असं सहसा होत नाही, कारण रानात हत्तीण एकटी वीत नाही. आजी, आई, मावश्या, मोठ्या बहिणी भोवती असतात. तरुण माद्या पाच-सात बाळंतपणं बघत, धाकट्यांना सांभाळत मोठ्या होतात. मग त्यांची पाळी येते. काही प्राणिसंग्रहालयांनी आता ही गोष्ट ओळखून बाळंतपण कळपातच होऊ दिलंय. तशी चित्रणं मिळाली तर जरूर बघा. पिल्लू वाळूवर पडतं आणि क्षणात सगळ्या जणी चीत्कार करत गोळा होतात. एक जण सोंडेने आवरण ओढून काढते, एक जण पायाच्या बोटांनी हलकेच ढोसून पिल्लाला उठवायला बघते, कुणी त्याच्या ओल्या अंगावर माती उडवते. पिल्लू उठतं, घसरतं, पुन्हा उठतं. आई मधे उभी असते, आणि तिला शांत करायला कुणीतरी तिच्या तोंडाशी सोंड नेऊन ठेवलेली असते. पहिल्यांदा ते बघताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

माझा सगळा मुद्दा यातच आहे. हत्तीची पैदास म्हणजे पिल्लं काढणं नव्हे. पिल्लाला वाढवणारी बायकांची ती साखळी जिथे नाही, तिथे पिल्लू जन्माला घालणं हा त्याच्यावर आणि त्याच्या आईवर अन्याय आहे.

प्राणिसंग्रहालयांनी कित्येक दशकं नेमकी ही साखळीच तोडली. एक हत्तीण इकडून घेतली, दुसरी तिकडून. ओळख ना देख, आणि त्याला कळप म्हणायचं. नर ठेवणं परवडत नाही, कारण मदात आलेला चार-पाच टनांचा नर आवरायला पोलादी खांबांची वेगळी इमारत लागते. म्हणून नर पाहुणा आणायचा, नाहीतर हत्तिणीला ट्रकमध्ये घालून शेकडो मैल पाठवायचं. पिल्लू जरा मोठं झालं की तेही दुसरीकडे.

2008 मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या आणि इतरत्रच्या मिळून साडेचार हजारांहून जास्त हत्तींच्या नोंदी त्यात होत्या. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्म्या जणी ज्या वयापर्यंत पोचल्या ते, 18.9 वर्षं निघालं. म्यानमारमध्ये सरकारी लाकूडतोडीच्या कामावर राबणाऱ्या हत्तिणींचं 41.7 वर्षं. पुन्हा वाचा. ओंडके ओढणाऱ्या हत्तिणी दुपटीहून जास्त जगत होत्या. एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात हलवलेल्यांचा धोका आणखी वाढतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. त्यातल्या बऱ्याच नोंदी जुन्या काळातल्या आहेत, तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी मानते. पण आज जगणारे बरेचसे हत्ती त्याच काळाची लेकरं आहेत.

नर मिळत नाही म्हणून मग कृत्रिम रेतन आलं. त्यामागचं विज्ञान खरोखर थक्क करणारं आहे. हत्तीण साधारण चौदा ते सोळा आठवड्यांतून एकदाच माजावर येते. एलएच नावाचं संप्रेरक तिच्या रक्तात दोनदा उसळतं, मधे तीन आठवडे. पहिल्या उसळीत बीज सुटत नाही, दुसऱ्या उसळीतच सुटतं. हे कळेपर्यंत सगळे अंदाज चुकत होते, आणि कळल्यावर पहिली उसळी म्हणजे तीन आठवडे आधी मिळालेली सूचनाच ठरली. तिचा जननमार्ग मीटरभराहून लांब आणि वळणाचा, म्हणून बर्लिनच्या पशुवैद्यांनी दुर्बिणीची नळी आणि सोनोग्राफी एकत्र वापरून वीर्य आत पोचवायची पद्धत बसवली. 1999 मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला या पद्धतीने जगातलं पहिलं आशियाई पिल्लू जन्मलं, हाजी. तो तीन वर्षांचाही झाला नाही. विषाणूने गेला.

त्या विषाणूबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ईईएचव्ही, हत्तींचा हर्पिस. मोठ्या हत्तींच्या अंगात तो निमूट पडून असतो. एक ते आठ वर्षांच्या पिल्लांना, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरली की, तो गाठतो. केशवाहिन्यांची अस्तरं फुटतात, आतल्या आत रक्त झिरपतं, चेहरा सुजतो, जीभ निळी-जांभळी पडते. सकाळी खेळणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी संपलेलं असतं. 1995 मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात कुमारी नावाचं सोळा महिन्यांचं पिल्लू असं गेलं आणि तिच्यामुळे हा विषाणू प्रथम ओळखता आला. 2019 मध्ये ओडिशाच्या नंदनकाननमध्ये महिन्याभरात चार हत्ती गेले. उत्तर अमेरिकेतल्या आशियाई पिल्लांच्या मृत्यूचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

रोझ-तूचं दुसरं पिल्लू लिली, 30 नोव्हेंबर 2012 चं. लिलीचा बाप टस्को एका खासगी कंपनीचा होता आणि करारानुसार ती जन्मतःच त्या कंपनीची ठरत होती. त्यावरून लोक भडकले, मग फेब्रुवारी 2013 मध्ये प्राणिसंग्रहालयाने बापलेकीला 4 लाख डॉलर देऊन विकत घेतलं. (आईच्या पोटात असताना पिल्लाचा मालक ठरलेला असतो, हे वाचल्यावर मी बराच वेळ काही वाचू शकले नव्हते.) आणि 29 नोव्हेंबर 2018 रोजी, सहावा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना, लिली याच विषाणूने गेली. रक्ताची तपासणी नियमित चालू होती. विषाणू दिसताच उपचार सुरू झाले. तरीही गेली.

इथे माझ्या मताविरुद्ध जाणारी सगळ्यात मोठी गोष्ट सांगायलाच हवी. हा विषाणू रानातल्या पिल्लांनाही मारतो. आणि त्याच्याबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे त्यातलं बरंचसं प्राणिसंग्रहालयांमुळे माहीत आहे, कारण तिथले हत्ती कानामागच्या शिरेतून रक्त काढू देतात. जून 2024 मध्ये ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात टेस नावाच्या चाळिशीतल्या हत्तिणीला या विषाणूवरची जगातली पहिली एमआरएनए लस टोचली गेली. ती यशस्वी झाली तर रानालाही उपयोग होईल. त्या पशुवैद्यांना मी मनापासून नमस्कार करते. पण लस शोधायला आज आहेत तेवढे हत्ती पुरतात. त्यासाठी आणखी जन्माला घालायची गरज नाही.

“पण जात नामशेष होतेय, मग पैदास नको का?” हा प्रश्न नेहमी येतो. रानात उरलेले आशियाई हत्ती पन्नास हजारांच्या आत आहेत, त्यातले सगळ्यात जास्त भारतात. ते कमी होतात ते पिल्लं जन्मत नाहीत म्हणून नव्हे. जंगल तुटतं, वाटा अडतात, रेल्वेखाली जातात, विजेच्या तारांना चिकटतात. प्राणिसंग्रहालयातल्या एका जन्माने यातलं काहीही बदलत नाही, आणि काँक्रीटच्या अंगणात वाढलेलं पिल्लू उद्या सुमात्राच्या जंगलात सोडता येत नाही. त्याला पाणवठा कुठे, विषारी काय, वाघाचा वास आला तर काय करायचं, हे शिकवणारी म्हातारी हत्तीण कुठून आणणार?

श्रीलंकेत दोन संस्था आहेत. पिन्नवला 1975 मध्ये अनाथ पिल्लांसाठी सुरू झाली, 1984 मध्ये तिथे पहिला जन्म झाला आणि मग जन्म होतच राहिले. आज तिथे मोठा कळप आहे, पर्यटकांची गर्दी आहे, पण ते हत्ती रानात जात नाहीत. दुसरी उडवलवेची, 1995 ची. तिथेही अनाथ पिल्लंच येतात. त्यांना ठरल्या वेळी दूध पाजतात, बाकी माणसांचा संबंध शक्य तितका कमी. लोकांनी लांबच्या कट्ट्यावरून बघायचं. पिल्लं एकमेकांत वाढतात, पाचेक वर्षांची झाली की एकत्रच रानात सोडली जातात. सोडलेल्यांपैकी काही हत्तिणी पुढे रानातच व्याल्या आहेत. ही वाढ मला मान्य आहे.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. जन्मणाऱ्या पिल्लांतली निम्मी नर असतात. पोस्टरवर ते फार गोड दिसतात. रानात दहा-पंधरा वर्षांचा नर स्वतःहून कळप सोडतो. प्राणिसंग्रहालयात तो जाणार कुठे? अमेरिकेतल्या डेन्व्हर प्राणिसंग्रहालयाने 2012 मध्ये अनेक नर ठेवता येतील अशी मोठी जागा बांधली. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि नर दरवर्षी जन्मताहेत.

मी लहान असताना एका प्राणिसंग्रहालयात एकटी हत्तीण पाहिली होती. मागच्या पायात साखळी. ती एका लयीत डावीकडे-उजवीकडे डोलत होती, पुढचा पाय उचलून ठेवत होती, पुन्हा उचलत होती. बाबा म्हणाले, “बघ, नाचतेय.” मी टाळ्या वाजवल्या. ते डोलणं म्हणजे कोंडलेपणाचा ताण, हे मला कळायला वीस वर्षं गेली. बाबांना तेव्हा ठाऊक नव्हतं, आमच्या आसपास कुणालाच नव्हतं. आज ठाऊक आहे. भारताच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्येच हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून बाहेर काढून छावण्यांत हलवायला सांगितलं, ते याचसाठी.

मग माझं म्हणणं काय? जिथे आजी-आई-लेक अशी खरी माळ आहे, मायलेकींना कधीच वेगळं करणार नाही असा शब्द आहे, नराला आयुष्यभराची जागा आहे आणि पायाखाली माती आहे, अशा मोजक्या ठिकाणांवर मी बोट ठेवत नाही. युरोपातल्या काही कळपांत हे आता खरोखर घडतंय. बाकी सगळ्यांनी थांबावं. आहेत त्या हत्तिणींना म्हातारपण सुखाचं द्यावं आणि पैदाशीवरचा पैसा हत्तींच्या वाटा मोकळ्या ठेवायला वापरावा.

आता असा व्हिडिओ आला की मी पिल्लाकडे नंतर बघते. आधी मागे कोण उभं आहे ते शोधते. मावशी दिसते का, बहीण दिसते का. तुला-तू आता त्या विषाणूच्या वयात आली आहे. दर थोड्या दिवसांनी तिचं रक्त तपासलं जात असणार आणि उत्तर येईपर्यंत तिच्या रखवालदारांना झोप लागत नसणार. रोझ-तूने एक लेक गमावली आहे. ही तिच्याजवळ राहो.