दानशूर होण्याआधी लादी मोजून घ्या

पोरं मार्गी लागली, फंडाचे पैसे हातात आले, की गावाहून फोन येतोच. "देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. तुमचं नाव यादीत पयलं टाकलंय." अशा वेळी गांगरू नका. पैसे देणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. बाकीचं कुणी शिकवत नाही, म्हणून हा लेख.

आधी दगडाचं बोलू. भावनेच्या भरात जांभ्यावर नाव कोरून घ्याल तर फसाल. आपला चिरा भोकाभोकांचा, त्यात अक्षर टिकत नाही. दोन पावसाळ्यांत शेवाळ धरतं आणि 'कै.' तेवढं वाचता येतं, जे तुम्ही हयात असताना बरं दिसत नाही. लोखंडी पाटी खारा वारा खातो. ऑइलपेंटचं नाव पहिल्या आषाढात ओघळतं. काळा ग्रॅनाइट घ्या, अक्षरं खोल कोरा, वर सोनेरी रंग.

आता जागा. पायरी घेऊ नका. "भक्तांची पायधूळ लागते" वगैरे कमिटीवाले सांगतील, पण शिमग्यात पालखी नाचवून आलेला अख्खा गाव धुळीच्या पायांनी तुमच्या आजोबांवरून आत जातो, याचा विचार करा. गाभाऱ्याजवळची भिंत मानकऱ्यांची, तिथे हात घातलात तर कोर्टात जाल. उत्तम जागा म्हणजे सभामंडपात प्रसादाची पंगत बसते तिथे, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. पत्रावळ यायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात माणूस समोर असेल ते वाचतो.

रकमेचं गणित भावकीवर अवलंबून आहे. चुलतभावाने ५,००१ दिले असतील तर तुम्ही ५,१०१ द्या. जास्त दिलेत तर पैसा कुठून आला अशी चर्चा होते. आणि हो, हा खर्च वाया जात नाही. सातबाऱ्यावर चाळीस जणांच्या गर्दीत तुमचं नाव शोधावं लागतं. लादीवर तुम्ही एकटे असता.

शिवाय गाऱ्हाणं आहे. गुरव देवापुढे उभा राहून म्हणणार, "बा म्हाराजा, आज तुझ्या मुंबईच्या लेकराने जी काय सेवा केली, ती मान्य करून घे आणि त्याला उदंड यश दे," आणि सगळा गाव एका सुरात, "होय म्हाराजा!" मत न मागता एवढं एकमत ग्रामसभेत कुणाला मिळालंय? गुरवाला नाव आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून द्या. देव सर्वज्ञ आहे, पण गुरवाचं तसं नाही.

संकटकाळी मात्र चपळाई लागते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मदतीचे टेम्पो कुठून कुठून आले. बहुतेकांनी मुकाट्याने चिखल उपसला, त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखं काही नाही. शिकायचं ते चादरवाल्यांकडून. एक चादर, तिला धरलेले आठ हात, आठही चेहरे कॅमेऱ्याकडे आणि मधली म्हातारी चादर सोडतील का याची वाट बघत उभी. आदल्या वर्षी ३ जूनला 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरांची छपरं उडवली, तेव्हा पत्र्यांचं वाटप झालं. पत्र्यावर नाव रंगवायचा मोह होईल, जरूर रंगवा. पुढच्या वादळात तुमची कीर्ती न सांगता शेजारच्या गावात जाते.

कुणी म्हणेल, नावासाठी दिलेलं ते काय दान? त्याला आपल्याच मुरुडच्या कर्व्यांचं उदाहरण द्या. अण्णांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला आपल्या आईचं नाव लावलं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज त्याला सगळं जग एसएनडीटी म्हणतं. तिथे शिकलेल्या किती जणींना नाथीबाई कोण ते सांगता येईल, मला शंका आहे. १५ लाखांची चार अक्षरं झाली, पण बायका शिकल्या. यातून तुम्ही एवढंच घ्या की नाव असं ठेवा ज्याचं लघुरूप होणार नाही.

करसवलतीच्या नादी फार लागू नका. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलात तर देणगीवरची वजावटच नाही. म्हणजे सरकारने हात वर केले. राहिली ती लादी.

आणि आता गुप्तदान. हे कच्च्या गड्याचं काम नव्हे. पेटीत गुपचूप नोटा टाकून निघून येणं याला गुप्तदान म्हणत नाहीत, हरवणं म्हणतात. पद्धत अशी : पावतीवर 'एक सद्गृहस्थ, मुंबई' लिहायला सांगा आणि कमिटीच्या सर्वांत बोलक्या सभासदाला बाजूला घेऊन म्हणा, "कुणाला सांगू नका हां." संध्याकाळच्या एसटीच्या आत वरच्या वाडीपर्यंत पोचतं. मग कुणी विचारलं की मान खाली घालून म्हणायचं, "कशाला उगाच." हे दोन शब्द आरशासमोर घटवून घ्या. ग्रॅनाइटला जे जमत नाही ते यांना जमतं.

काय द्यावं, याचा नियम एकच. ज्यावर नाव लिहायला जागा आहे ते. बाकडं, कमान, कपाट, घड्याळ. आमच्या शाळेला चार घड्याळं मिळालीत, सेल एकाने दिला नाही, कारण सेलवर नाव मावत नाही. आमच्या नळपाण्याच्या पंपघरावरही तीन नावं आहेत : खोलीचं एक, पंपाचं एक आणि दरवाजाचं एक. गेल्या वैशाखात पंपाचं बिल थकलं, वीज तोडली, आणि एवढ्या पावसाच्या मुलखात बायका पुन्हा पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, खणलेल्या डवऱ्यावर रात्री हंडे लावून बसल्या. बिलावर देणगीदाराचं नाव छापत नाहीत, हा वीजवाल्यांचा हलगर्जीपणा म्हणायचा.

आठव्या दिवशी वीज आली. कुणीतरी सगळं बिल भरलं होतं, नाव न सांगता. कमिटीने तातडीची सभा घेतली. अशा थोर माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालाच पाहिजे, असं ठरलं, आणि त्याला शोधायला सुरुवात झाली. ज्यांच्यावर संशय होता अशा चौघांना एकेकटं गाठून विचारलं. चौघांनीही मान खाली घातली आणि म्हणाले, "कशाला उगाच."

चार शाली आणल्या. फोटो चांगले आले. पुढच्या महिन्याचं बिलही आलंय, ते पंपघराच्या गजाला अडकवून ठेवलंय.