दाजी, ते गोटे आधी बाजूला ठेवा

परवा संध्याकाळी साताऱ्यात शाहूपुरीत आक्काकडे गेलो तर दाजी गॅलरीत मांडी घालून बसलेले, पुढ्यात बादलीभर गोटे, आणि एकेक गोटा जुन्या टूथब्रशनं घासतायत. म्हटलं देव मांडायचेत का काय? तर म्हणे, "ग्रिल करतोय गॅसचा. संगम माहुलीवरनं आणलेत, लाव्हा रॉक म्हणून." लाव्हा रॉक म्हणजे ग्रिलच्या बर्नरवर धग धरायला ठेवतात ते दगड. शेजारी पिशवीत हॉटेलच्या भट्टीला लावतात तसला हाय प्रेशर रेग्युलेटर, नवाकोरा, आणि दोन मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी, जी आपण टाकीतनं पाणी ओढायला वापरतो ती.

हे सगळं त्या फॉरवर्डमुळं. "आठ हजारात अमेरिकन गॅस ग्रिल घरच्या घरी", तुम्हालाही आला असेल, मला तीन ग्रुपवर आलाय. थोडक्यात असं की जुन्या शेगडीला हाय प्रेशर रेग्युलेटर लावा, गॅस हलका असतो वर उडून जातो म्हणून गॅलरीत बिनधास्त वापरा, झाकण लावूनच पेटवा म्हणजे गॅस वाया जात नाही, लाव्हा रॉकऐवजी नदीतले गोटे टाका, विकतचा घ्यायचाच तर चुंबक लावून स्टील तपासा आणि जास्त बीटीयूवाला घ्या, आणि गॅसवर भाजलं की कॅन्सर नाही. खाली हात जोडलेले आणि "पुढे पाठवा". मी ग्रुपवर लिहिलं की हे चुकीचंय, तर एकानं विचारलं तू काय गॅस कंपनीत आहेस का. नाही, मी एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये बारा वर्षं काढलीत, पण यातलं निम्मं कळायला तेवढंही लागत नाही.

आधी रेग्युलेटर, कारण यात माणूस मरतो. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवर जो रेग्युलेटर असतो तो गॅसचं प्रेशर उतरवून दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅमवर आणतो, आणि घरगुती शेगडीचं जे भारतीय मानक आहे, आयएस ४२४६, ते याच ३० ग्रॅमवर बेतलेलंय. बर्नरच्या जेटचं भोक, हवा आत ओढायची जागा, सगळं त्याच हिशेबात. आता दाजींनी आणलेल्या त्या भट्टीवाल्यातनं अर्धा किलोचं प्रेशर सोडलं तर ते झालं ५०० ग्रॅम, म्हणजे जवळपास सतरापट. गॅस सतरापट येत नाही, साधारण चारपट येतो, पण चारपट गॅसला चारपट हवा कुठनं आणणार? ज्योत बर्नर सोडून वर उडते, पिवळी होते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साईड तयार होतो ज्याला वास नाही का रंग नाही. आणि ती नळी! नुसती नोझलवर ढकलून बसवलेली, क्लॅम्पसुद्धा नाही, गरम झाली की मऊ होणार आणि प्रेशरनं निसटणार. दाजींचं म्हणणं, "अरे पण सिलिंडरवर बसतोय की बरोबर." बसतोय दाजी. तुमचा बूट मलापण बसतो.

आणि गंमत ऐका. ज्या अमेरिकेचं नाव त्या मेसेजमध्ये चारदा आलंय तिथले घरगुती गॅस ग्रिल ११ इंच वॉटर कॉलमवर चालतात, म्हणजे गॅसचं प्रेशर नळीतलं पाणी ११ इंच वर ढकलेल एवढंच. ११ इंच म्हणजे २८ सेंटिमीटर, म्हणजे २८ ग्रॅम. आपल्या घरच्यापेक्षा दोन ग्रॅम कमीच! हाय प्रेशर अमेरिकेतनं आलं नाही, वडापावच्या गाड्यावरनं आलंय, आणि तिथली भट्टी, जेट, नळी सगळंच त्या प्रेशरचं असतं.

गॅस हलका असतो हे कुणी शोधलं देव जाणे. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो वर उडत नाही, पाण्यासारखा खाली साचतो. आक्काची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर, कठडा भिंतीचा आणि वर स्लायडिंग खिडक्या लावून घेतलेल्या, म्हणजे हौदच झाला की. खिडकी उघडी ठेवली तरी गॅस फरशीवर बसणार आणि पाणी जायच्या भोकातनं खालच्यांच्या गॅलरीत उतरणार. हवेत दोनेक टक्के झाला की ठिणगी पुरते. अमेरिकेतलीच नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन सरळ सांगते की गॅस ग्रिल फक्त घराबाहेर, आणि पेटवायच्या आधी झाकण उघडं पाहिजे. उघडं! मेसेज बरोब्बर उलटं सांगतोय. झाकण लावून नॉब सोडला की आत गॅस भरत राहतो आणि लायटर मारल्यावर भडका थेट तोंडावर. ज्योत विझली तरी बंद करून किमान ५ मिनिटं थांबा असंही तेच सांगतात, आणि आपण मात्र एकीकडं नॉब सुरू ठेवून काडेपेटी शोधत बसतो.

आता गोटे. इथं दाजी माझ्यावर खेकसले, "सह्याद्री लाव्ह्याचाच आहे ना? शाळेत शिकलायस का नाही?" शिकलोय. अजिंक्यतारा काय, यवतेश्वर काय, सगळा काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, एवढं तुमचं म्हणणं खरं, घ्या. पण ग्रिलमधला लाव्हा रॉक असतो जाळीदार, भोकाभोकांचा, हातात घेतला तर हलका. नदीतला गोटा घट्ट, आणि वर्षानुवर्षं पाण्यात पडून त्याच्या बारीक भेगांत पाणी शिरलेलं. तो ज्योतीवर तापवला की आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेला जागा लागते पाण्याच्या सोळाशेपट, आणि वाट मिळाली नाही की गोटा फुटतो. कपची डोळ्यात गेली की संपलं. दाजींनी त्या गोट्यांच्या पुढ्यात कणीस भाजायला पोरांना उभं करायचं ठरवलं होतं. "उन्हात चार दिवस वाळवतो की," म्हणे. वरनं वाळतो हो.

चुंबकाचं अर्धवट आहे. ३०४ नंबरच्या, म्हणजे चांगल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही हे बरोबर. पण स्वस्तातलं २०० सिरीजचं स्टील, ज्यात निकेल कमी करून मँगनीज घालतात, त्यालाही चिकटत नाही, आणि ते आपल्या साताऱ्याच्या पावसात एका जूनमध्ये गंजायला लागतं. उलट ४३० नंबरच्या स्टीलला चिकटतं आणि तेसुद्धा खरं स्टेनलेसच आहे. तेव्हा चुंबक खिशात ठेवा आणि पत्र्याची जाडी बघा, झाकण दाबून पिचकतं का बघा, जाळी बिडाची आहे का बघा. बिडाची जाळी तेल लावून ठेवली तर नातवंडं वापरतील.

बीटीयू म्हणजे ग्रिल तासाला किती गॅस खातो तो आकडा, पदार्थाला किती धग लागते तो नव्हे. ३०,००० बीटीयूचा ग्रिल पूर्ण सोडला तर तासाला साधारण ६५० ग्रॅम गॅस, म्हणजे घरचा सिलिंडर बावीसेक तासांत रिकामा. पातळ पत्र्यातनं निम्मी धग बाहेर जाणार असेल तर आकडा काय चाटायचाय? आणि कॅन्सरचं, कोळशाचा धूर कमी होतो एवढंच खरं, पण मटण काळं होईस्तोवर करपवलं तर गॅस काय आणि कोळसा काय, धोका राहतोच.

मग आठ हजारात काय घ्यायचं, हे दाजींनी शेवटी विचारलं, जरा पडल्या आवाजात. मी म्हटलं वर्षातनं चार रविवार भाजणार तुम्ही, आधी बिडाचं खोबण्या असलेलं ग्रिल पॅन आणा आणि घरच्या शेगडीवर करा, पनीर, वांगी, कणीस सगळं होतं. तरी हौस राहिली तर दोन बर्नरचा झाकणाचा छोटा ग्रिल, घरच्या रेग्युलेटरवर चालणारा, तेल गळायचा ट्रे सहज निघणारा, आणि तो गच्चीवर, गॅलरीत नाही. नळी आयएसआय मार्कची केशरी सुरक्षा नळी, तिच्यावरची तारीख वाचून, आणि जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. वास आला तर १९०६ ला, म्हणजे गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन.

रेग्युलेटर दुकानदार परत घेईना, तो माळ्यावर गेलाय. गोटे आक्कानं तुळशीभोवती मांडले. नळी मी घेऊन आलो, गाडी धुवायला.